महापौराची ‘समाजसेवा’ कशी वाचायची?

ग्वाल्हेरच्या महापौरांची आणि पार्षदांची (म्हणजे नगरसेवकांची) पाच वर्षांची मुदत 2027 मध्ये संपते. म्हणजे आता इच्छुक मंडळी दिसू लागणार. लश्कर असो, मुरार असो की हजिरा, वाढदिवसाच्या आणि सणांच्या शुभेच्छांच्या फलकांवर नावाखाली एक शब्द हमखास असतो : समाजसेवी. पुढे परिचयपत्रकं येतील. त्यांत शिक्षण, घराणं, पक्षातली पदं, रक्तदान शिबिरं, ब्लँकेट वाटप, भंडारे. हे सगळं वाचून मत कसं ठरवायचं, हा प्रश्न घरोघरी पडतो, आणि बहुतेक घरांत तो ‘आपल्या ओळखीचा कोण आहे’ इथवर येऊन थांबतो.

आपल्या मराठी घरांत आणखी एक गोंधळ असतो. पुण्याचा भाऊ, बडोद्याची मावशी आणि ग्वाल्हेरचे आपण, तिघंही ‘महापौर’ म्हणतो, पण तिघांच्या मनातलं पद सारखं नसतं. म्हणून आधी पद समजून घेऊ. पदाचं काम कळल्याशिवाय उमेदवाराच्या आयुष्यातलं काय त्या कामाचं आहे, हे कळणार नाही.

## महापौर निवडतं कोण?

शहरांच्या कारभाराला घटनेत जागा मिळाली ती 74 व्या घटनादुरुस्तीने. ती 1 जून 1993 पासून लागू झाली. पाच वर्षांची मुदत, महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग हे सगळं तिच्यातून आलं. महापौर कसा निवडायचा, हे मात्र घटनेने राज्यांवर सोडलं.

महाराष्ट्रात आणि गुजरातेत महापौर निवडतात ते नगरसेवक, आणि तेही अडीच वर्षांसाठी. बडोद्याचा कारभार मुळात मुंबई प्रांताच्या 1949 च्या कायद्यावर चालत आला आहे. तिथे महापौर सभा चालवतो, मानाचं पद सांभाळतो, पण खर्चाचे मोठे निर्णय स्थायी समितीत होतात. बडोद्याचे जाणकार म्हणूनच महापौर कोण, याआधी स्थायी समितीचा अध्यक्ष कोण, हे विचारतात.

मध्य प्रदेशात तसं नाही. इथे 1956 चा नगरपालिक निगम कायदा आहे आणि महापौराला आपण थेट मत देतो. एकाच दिवशी दोन मतं पडतात : एक वॉर्डच्या पार्षदाला, दुसरं महापौराला. मुदत पूर्ण पाच वर्षांची. मधे 2019 मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारने ही पद्धत बदलून महापौर पार्षदांमधून निवडायचं ठरवलं होतं. त्या पद्धतीने मतदान होण्याआधीच सरकार बदललं आणि 2022 मध्ये थेट निवडणूक परत आली. दरम्यान आपल्या निगमात दोन वर्षांहून जास्त काळ निवडून आलेला एकही प्रतिनिधी नव्हता. कारभार प्रशासकाकडे होता. शेवटी मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका जाहीर करायला सांगितलं, तेव्हा जुलैमध्ये मतदान झालं.

आरक्षणाचंही इथेच सांगून टाकते. राज्यातल्या 16 महापौरपदांपैकी कोणतं कुणासाठी राखीव, याची सोडत भोपाळला निघते. ग्वाल्हेरचं पद 2022 मध्ये महिलांसाठी होतं. त्यामुळे दहा वर्षं वॉर्डात राबणाऱ्या माणसालाही ऐनवेळी कळतं की यंदा आपल्याला उभं राहता येणार नाही. आज फलकांवर दिसणाऱ्या चेहऱ्यांपैकी कित्येक सोडतीनंतर दिसायचे नाहीत.

## निवडून आल्यावर हातात काय असतं?

गणेश मंडळाचा कारभार डोळ्यांपुढे आणा. समजा, अध्यक्ष सगळ्या पेठेने मतदान करून निवडला. कार्यकारिणीतला एकेक सभासद मात्र आपापल्या आळीने वेगळा निवडला. अध्यक्षाने त्या सभासदांतूनच आपले चार-पाच जण उचलले : मांडव तुझ्याकडे, प्रसाद तुझ्याकडे, मिरवणूक तुझ्याकडे. वर्गणीचा अंदाज सर्वसाधारण सभेपुढे मांडून मंजूर करून घ्यायचा, आणि त्या सभेत अध्यक्षस्थानी बसतो तिसराच कुणीतरी. शिवाय हिशेबाची वही आणि सह्यांचं पुस्तक ज्या व्यवस्थापकाकडे, त्याला मंडळाने नेमलेलंच नाही. तो बाहेरून आला आहे आणि त्याची बदलीही बाहेरूनच होते.

नगर निगम असंच चालतं. अध्यक्षाच्या जागी महापौर. त्याने निवडलेल्या पार्षदांची महापौर परिषद, जिला सगळे एमआयसी म्हणतात. जलकार्य (पाणी), लोकनिर्माण (बांधकाम), आरोग्य, राजस्व (करवसुली) अशी खाती या सदस्यांकडे असतात. सगळ्या पार्षदांच्या सभेला आपण नुसतं ‘परिषद’ म्हणतो. ती भरते जलविहारात आणि चालवतो सभापती, ज्याला पार्षद निवडतात. व्यवस्थापक म्हणजे आयुक्त. तो राज्य सरकारचा अधिकारी. फायली, नोकरवर्ग, निविदा, बिलं त्याच्या सहीने पुढे सरकतात. ठरावीक रकमेपर्यंतची कामं आयुक्त मंजूर करतो, त्यावरची एमआयसीकडे जातात, त्याहून मोठी परिषदेपुढे. अंदाजपत्रक परिषदेनेच मंजूर करायचं.

पैशाचंही तसंच. निगमाची स्वतःची कमाई म्हणजे मुख्यतः संपत्तिकर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवान्यांचं शुल्क. जकात मध्य प्रदेशात कधीच बंद झाली. तिच्या बदल्यात राज्य सरकार दर महिन्याला चुंगी क्षतिपूर्ती देतं आणि पगारांना मोठा आधार तिचाच असतो. ती रक्कम कापून आली किंवा उशिरा आली की शहरात कामं थबकतात. म्हणजे महापौराला अर्धा वेळ भोपाळशी बोलावं लागतं.

आणि शहरातल्या कितीतरी गोष्टी त्याच्या नसतातच. पोलीस राज्याचे. जयारोग्य रुग्णालय राज्याचं. वीज कंपनीची. काही रस्ते निगमाचे, काही लोकनिर्माण विभागाचे, काही वसाहती विकास प्राधिकरणाच्या. खड्ड्यात पडणाऱ्याला ही वाटणी माहीत नसते आणि असायचं कारणही नाही. पण ‘शहरात नवीन मेडिकल कॉलेज आणीन’ असं महापौराचा उमेदवार म्हणाला, तर तो आपल्या हातात नसलेलं काहीतरी देऊ करतो आहे, एवढं ओळखता यायला हवं.

## 2022 चा धडा

त्या वर्षी ग्वाल्हेरने काय केलं ते पाहा. महापौरपदी काँग्रेसच्या शोभा सिकरवार निवडून आल्या. 57 वर्षांनी हे पद काँग्रेसकडे गेलं. त्याच मतदारांनी त्याच दिवशी 66 पैकी 34 वॉर्डांत भाजपचे पार्षद निवडले, आणि सभापती भाजपचा झाला. एमआयसी एका पक्षाची, परिषदेत बहुमत दुसऱ्याचं, राज्यात सरकार त्या दुसऱ्याचंच.

थेट निवडणुकीत हे कायद्यातच शक्य आहे, त्यात कुणाची चूक नाही. पण अशा वेळी महापौराला लागतो तो गुण परिचयपत्रकात कुणी छापत नाही : आपल्याला मत न दिलेल्या लोकांकडून काम मंजूर करून घेता येणं. शहराला पाणी देणाऱ्या तिघरा धरणात पाणी कमी झालं आणि एक दिवसाआड पुरवठा करायची वेळ आली, तर कोणत्या टाकीवर किती तास पाणी सोडायचं, टँकर कुठे जाणार, कोणत्या ट्यूबवेलला मोटर बसवायची, हे ठरवताना समोर बसलेला पार्षद विरोधी पक्षाचा आहे म्हणून त्याचा वॉर्ड कोरडा ठेवता येत नाही. तसं केलं तर परिषद पुढचं अंदाजपत्रक अडवणार.

## मग पार्श्वभूमीत शोधायचं काय?

माझ्या मते इथेच आपली गल्लत होते. आपण समाजसेवेचं माप घेतो ते ‘स्वतःच्या खिशातून किती दिलं’ यावर. महापौराचं काम स्वतःचे पैसे वाटण्याचं नाहीच. लोकांचे पैसे, अपुरे पैसे, नियमांत राहून, दहा जणांचं ऐकून, हिशेब ठेवून खर्च करण्याचं ते काम आहे. त्या कामाची तालीम ज्या सेवेत झाली, ती सेवा मोलाची.

परिचयपत्रकातल्या ओळी या नजरेने एकेक वाचा. ‘दरवर्षी 500 ब्लँकेटांचं वाटप’ : माणसाकडे पैसा आहे आणि मन आहे. दोन्ही चांगलं, पण निगम चालवण्याबद्दल यातून काही कळत नाही. ‘भव्य भंडारा’ : माणसं जमवता येतात. ‘रक्तदान शिबिर, सलग अनेक वर्षं’ : इथे थांबावं. रक्तपेढीशी पत्रव्यवहार, डॉक्टरांची वेळ, जागेची परवानगी, नोंदी, आणि दुसऱ्या वर्षी तेच पुन्हा, हे एकट्याच्या हौसेवर चालत नाही. ‘मोहल्ला समितीचे सचिव’ : या ओळीवर सगळे घाईने पुढे जातात, पण माझं बोट तिथेच थांबतं. सचिवाला इतिवृत्त लिहावं लागतं, भांडणं मिटवावी लागतात, न आलेल्या वर्गणीसाठी दारोदार जावं लागतं.

आणि एक ओळ सहसा छापलेलीच नसते, ती विचारून काढावी लागते. वॉर्डातली सीवर लाइन तुंबते, चेंबर उघडं पडतं, पहिल्याच पावसात घाण पाणी दारात येतं. यावर दोन प्रकारची माणसं कामाला येतात. एक जण स्वतःच्या पैशाने खासगी गाडी बोलावून त्या दिवसापुरतं साफ करून देतो. त्याचे उपकार आपण जन्मभर विसरत नाही. दुसरा 181 या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवतो, झोन कार्यालयातून तिचा पाठपुरावा करतो, ‘निराकरण झालं’ म्हणून तक्रार परस्पर बंद केली तर पुन्हा उघडायला लावतो, नव्या लाइनच्या खर्चाचा अंदाज तयार करवून घेतो, पार्षदाकडून तो परिषदेत मांडवतो, आणि दोन पावसाळे उलटल्यावर रस्ता खणला जातो. तोवर लोक त्यालाच म्हणतात, नुसते कागद घेऊन हिंडतो. मला महापौर म्हणून हा दुसरा हवा. पहिला शेजारी म्हणून मिळाला तर माझं भाग्य.

आपल्याच माणसांत याचं उदाहरण आहे. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन लग्न होऊन इंदूरला आल्या. 1982 मध्ये त्या तिथल्या महापालिकेत निवडून गेल्या आणि 1984 मध्ये उपमहापौर झाल्या. पुढे 1989 पासून सलग आठ वेळा खासदार आणि 2014 मध्ये लोकसभेच्या अध्यक्ष. अख्खं इंदूर त्यांना ‘ताई’ म्हणतं, पण ताईंची सुरुवात नळ-गटाराच्या कामापासून झाली. अहिल्याबाई होळकरांच्या स्मरणाचा शहरातला अहिल्योत्सव समितीमार्फत वर्षानुवर्षं चालवणं हेही त्यांच्या कामाचाच भाग होतं. सभागृह शांतपणे चालवण्याची सवय अशाच बैठकांत लागत असणार, असं मला वाटतं.

## ‘ही सगळी समाजसेवा मतांसाठीच असते’

असू दे. हेतू तपासायचं यंत्र आपल्याकडे नाही. सातत्य आणि हिशेब मात्र तपासता येतात. निवडणुकीच्या आदल्या वर्षी उगवलेली संस्था आणि वीस वर्षं चाललेली संस्था यांतला फरक कागदावर दिसतो. मध्य प्रदेशात संस्था नोंदवल्या जातात त्या 1973 च्या सोसायटी कायद्याखाली. त्या कायद्यानुसार दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि लेखापरीक्षण केलेला हिशेब रजिस्ट्रारकडे द्यावा लागतो. इच्छुकाने आपल्या संस्थेचं नाव पत्रकात घातलं असेल तर नोंदणी क्रमांक विचारायला संकोच कशाला? देणगी देणाऱ्याला जो प्रश्न शोभतो तो मत देणाऱ्यालाही शोभतो.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या संस्थेत त्याच्यानंतर कुणी तयार झालं का? अध्यक्ष तोच, खजिनदार भाऊ, सचिव मेहुणा असं वीस वर्षं चाललं असेल, तर सेवा झाली असेलही, पण एमआयसीची खाती इतरांना देऊन त्यांच्याकडून काम करून घेण्याची सवय या माणसाला नाही.

## ‘घराणं आहे’, ‘बायकोला उभं केलंय’

जागा महिलांसाठी राखीव झाली की हे वाक्य ऐकू येतंच. पती आमदार, सासरे माजी मंत्री, वडील माजी महापौर. घरातलं राजकारण ही पार्श्वभूमी आहे, ती लपवायची गोष्ट नाही. पण तिच्यावरून निकाल लावला तर दोन्ही बाजूंनी फसगत होते.

इंदूरच्या मालिनी गौड राजकारणात आल्या त्या पती लक्ष्मणसिंह गौड यांच्या अपघाती निधनानंतर. ते राज्यात मंत्री होते. 2015 मध्ये त्या महापौर झाल्या. घरोघरी कचरा उचलणं, ओला-सुका वेगळा करणं, रस्त्यावरच्या कचराकुंड्या हटवणं हे इंदूरमध्ये घडलं ते त्यांच्या काळात. 2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात 25 व्या क्रमांकावर असलेलं शहर 2017 मध्ये देशात पहिलं आलं. यात आयुक्त मनीष सिंह यांचा वाटा मोठा आणि हजारो सफाई कामगारांचा त्याहून मोठा. पण महापौराने आयुक्ताच्या मागे उभं राहायचं ठरवलं नसतं, पार्षदांच्या रोजच्या कुरबुरी अंगावर घेतल्या नसत्या, तर गाडी पुढे गेली नसती. त्यांच्या नावापुढे फक्त ‘दिवंगत मंत्र्याची पत्नी’ एवढंच वाचून ज्यांनी निकाल लावला असेल, त्यांचा अंदाज चुकला.

आपल्या ग्वाल्हेरमध्ये शेजवलकरांचं घर आहे. नारायण कृष्ण शेजवलकर महापौर होते, खासदारही झाले. मुलगा विवेक शेजवलकर दोनदा महापौर आणि 2019 मध्ये खासदार. लश्करातल्या मराठी घरांना या नावाचं अप्रूप आहे आणि ते साहजिक आहे. पण अप्रूप वेगळं आणि परीक्षा वेगळी. आडनाव मराठी असलं म्हणून आपल्या गल्लीत पाणी जास्त वेळ येत नाही, आणि ते तसं येऊही नये.

महिला उमेदवाराला एकच प्रश्न मी आग्रहाने विचारेन : सभेत तुम्ही स्वतः बोलणार ना, फायली स्वतः वाचणार ना? ‘पार्षदपती’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की निवडून आलेल्या बाईंचा फोन त्यांचे पतीच उचलतात, आणि आपण त्यांनाच काम सांगून मोकळे होतो. इथे दोष अर्धा आपलाही आहे.

## ‘शेवटी मत पक्षालाच जातं, माणूस कोण बघतं?’

आकडे तसं सांगत नाहीत. 2022 मध्ये राज्यातल्या 16 महापौरांपैकी नऊ भाजपचे, पाच काँग्रेसचे, सिंगरौलीत एक आम आदमी पक्षाचा, आणि कटनीत प्रीती सूरी अपक्ष म्हणून निवडून आल्या. बुऱ्हाणपुरात निकाल अवघ्या 542 मतांनी लागला. ग्वाल्हेरने तर दोन मतं दोन दिशांना टाकली. एखाद-दोन गल्ल्यांनी माणूस पाहून मत दिलं तरी निकाल फिरतो, इतकी ही निवडणूक जवळची असू शकते.

## ‘चांगली पार्श्वभूमी पाहून निवडला, आणि बदलला तर?’

हा प्रश्न खरा अवघड आहे. छिंदवाड्यात 2022 मध्ये विक्रम अहाके महापौर झाले, तेव्हा देशभर बातमी झाली. आई अंगणवाडीत काम करणारी, घर शेतकऱ्याचं, वय तिशीच्या आसपास. काँग्रेसतर्फे निवडून आले. 2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर ते भाजपमध्ये गेले, आणि मतदानाच्या दिवशीच काँग्रेसच्या नकुलनाथांना मत द्या असं आवाहन त्यांनी केलं. गरीब घरातून येणं ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ते पुढच्या वागण्याचं हमीपत्र होत नाही, जसं श्रीमंत घरातून येणंही होत नाही.

घटनेतलं पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट संसद आणि विधिमंडळांपुरतं आहे. महाराष्ट्राने स्थानिक संस्थांसाठी 1986 मध्ये वेगळा कायदा केला. आपल्या इथे मतदाराच्या हाती दुसरं एक हत्यार आहे, परत बोलावण्याचं. निवडणुकीला कायद्याने ठरवलेला काळ होऊन गेल्यावर तीन चतुर्थांश पार्षदांनी लेखी मागणी केली, तर महापौराला ठेवायचं की काढायचं यावर शहराचं मतदान होऊ शकतं. त्यात उमेदवारांची नावं नसतात. ‘भरी कुर्सी’ आणि ‘खाली कुर्सी’ अशी दोन चिन्हं असतात. छोट्या नगरपालिकांच्या अध्यक्षांवर ही वेळ आलेली आहे. दहा लाखांच्या शहरात एवढे पार्षद एकत्र आणणं फार कठीण, म्हणून आधी नीट निवडण्यालाच जास्त किंमत आहे.

## कागद कुठे आणि कधी पाहायचे

उमेदवारी अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं : गुन्हेगारी खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांनंतर रुजली. अर्ज भरले गेले की ही शपथपत्रं लोकांना पाहायला मिळतात. मी त्यात आधी मालमत्ता बघत नाही, खटले बघते, आणि तेही सरसकट नाही. पाण्यासाठी रास्ता रोको केल्याचा खटला आणि खंडणीचा खटला यांना एकाच तराजूत तोलायचं नाही. कलम वाचायचं. घरात कुणी वकील नसेल तर शेजारच्या वकिलाला पाच मिनिटं विचारायचं. इंदूरचे महापौर पुष्यमित्र भार्गव स्वतः वकील, अतिरिक्त महाधिवक्ता होते. कायद्याची जाण हा गुण निगमात रोज लागतो, कारण भूखंडांचे, अतिक्रमणांचे आणि करांचे दावे चालूच असतात. तो मतदारालाही थोडा लागतो.

निकाल लागल्यावर काही दिवसांत महापौर एमआयसी जाहीर करतो. वर्तमानपत्रात ती बातमी आतल्या पानावर, फोटोंच्या एका पट्टीत येते. ती कापून ठेवा. जलकार्य कुणाकडे दिलं, आरोग्य म्हणजे सफाई कुणाकडे, राजस्व कुणाकडे, आणि त्या पार्षदांनी आपल्या वॉर्डात आजवर काय केलं होतं, हे त्याच नजरेने वाचा. निवडणुकीत सगळे समाजसेवी असतात. पाण्याचं खातं मात्र कुणातरी एकाकडेच जातं, आणि ते कुणाकडे जावं हे महापौराने स्वतः ठरवलेलं असतं.